द्वारकाबाईंच्या भिंतीवरची बाई

“ओ पाव्हणं, तो पडदा बायकांसाठी लावलाय.”

हा आवाज आला तेव्हा मी एका स्टुलावर चढलो होतो. माझं नाक भिंतीला टेकायच्या बेतात होतं आणि नाकापासून हातभर अंतरावर तो पडदा होता. पडद्यामागे माझी सख्खी धाकटी बहीण, शैलजा, तिच्या लग्नातल्या ब्लाउजांची मापं देत होती. पण हे त्या खोलीतल्या आठ-दहा मुलींना कसं माहीत असणार? त्यांच्या दृष्टीनं एक चष्मेवाला बाप्या स्टुलावर चढून पडद्याकडे मान ताणत होता. सगळी शिलाई मशिनं एकदम गप्प झाली होती.

“मी चित्र बघतोय,” मी म्हणालो.

“बघा की. खाली उतरून बघा.”

पडद्यातून बाहेर आलेल्या बाई साठीच्या पुढे-मागे असाव्यात. ठेंगण्या, ताठ, गळ्यात मोजायची टेप, पदर खोचलेला आणि कपाळावर चांगलं आठ आण्याएवढं कुंकू. त्या द्वारकाबाई खटावकर. कराडात त्यांचा शिवणक्लास होता आणि ब्लाउज शिवावा तर द्वारकाबाईंनीच, असं आमच्या घरातल्या बायकांचं मत होतं. साल एकोणीसशे शहाऐंशी. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो, पुण्याच्या एका संग्रहालयात नोकरीला होतो आणि जगातल्या बहुतेक गोष्टी मला कळत होत्या.

हे शेवटचं वाक्य मी गमतीनं लिहिलेलं नाही. मला खरंच तसं वाटायचं. त्याच वर्षी मी रोमला जाऊन नऊ आठवड्यांचा एक कोर्स करून आलो होतो, जुने कागद, जुनी चित्रं कशी स्वच्छ करावीत, कशी टिकवावीत याचा. नऊ आठवड्यांतले दोन मी पोट बिघडून खोलीत पडून काढले, पण परत आल्यावर कोणत्याही वाक्यात ‘आम्ही रोमला असताना’ हे शब्द बसवण्याची विद्या मला साधली होती. बटाट्याची भाजी करपली तरी मला रोम आठवायचं.

तर मी स्टुलावरून उतरलो आणि उतरता उतरताच व्याख्यान सुरू केलं.

“बाई, हे साधं चित्र नाही. हे एन्ग्रेव्हिंग आहे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादी सुईसारख्या हत्यारानं एकेक रेघ कोरायची. मग त्या रेघांत शाई भरायची, पत्रा पुसून घ्यायचा आणि त्यावर ओला कागद दाबून छापायचं. त्या काळी फोटो नव्हते. कुण्या मोठ्या चित्रकाराचं रंगीत चित्र गावोगावी पोहोचवायचं तर ते असं रेघारेघांनी उतरवून काढावं लागे. ही सावली बघा, ही हनुवटीखालची. ही सावली नाहीच, नुसत्या रेघा आहेत!”

“बाही बघितली का?” द्वारकाबाई म्हणाल्या.

मी बाही बघितली नव्हती. खरं तर बघण्यासारखी तीच होती. चित्रातली बाई तिशीची असेल. आपल्याकडे न बघता आपल्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे बघणारी. गळ्यात मोत्यांचा सर आणि दंडापासून मनगटापर्यंत फुगलेली, मध्ये मध्ये चिरा देऊन आतलं दुसरं कापड बाहेर काढलेली बाही. रेशमाची चमक आणि आतल्या मलमलीची मऊ चुणी, दोन्ही नुसत्या काळ्या रेघांत. चित्राच्या चारी बाजूंनी कुणीतरी मखमलीची किरमिजी पट्टी लावून चौकट केली होती. हे सगळं ठीक होतं. पण त्या इटालियन बाईच्या रुंद, गोऱ्या कपाळाच्या बरोबर मध्यभागी एक लालभडक कुंकवाचा टिळा होता.

“हे कुणी केलं?” मी विचारलं. माझा स्वर एखाद्या पोलिसाचा असावा.

“सासूबाईंनी.”

“पण का?”

“मोकळं कपाळ बरं दिसत नाही म्हणून,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि वहीत शैलजाची मापं लिहायला लागल्या.

मी मनातल्या मनात त्या सासूबाईंना क्षमा केली. अडाणी माणसं. रोमला असताना आम्हाला हेच सांगितलं होतं की जुन्या कलाकृतींचा सर्वांत मोठा शत्रू वाळवी नसते, मालक असतो. हे वाक्य मी द्वारकाबाईंना ऐकवलंसुद्धा.

त्यांची पेन्सिल थांबली. “रोम म्हणजे इटलीतच ना?”

“हो, राजधानी.”

“तुम्ही तिथं जाऊन आलात?”

“नऊ आठवडे.”

त्यांनी मशिनवरच्या मुलींना “चहाला जा गं” म्हणून सुट्टी दिली. शैलजा पडद्यातून बाहेर आली होती, तिला एका खुर्चीवर बसवलं. मग माझ्याकडे अगदी वेगळ्या नजरेनं बघत त्या म्हणाल्या, “ही बाई तिथलीच. बेचाळीस वर्षं झाली. हिचा काही पत्ता लागेल?”

आता पत्ता या शब्दाचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला. आमच्या धंद्यात एखादं चित्र कुणी काढलं, कुणी छापलं, कुणाकडून कुणाकडे गेलं, हे शोधणं मोठं प्रतिष्ठेचं काम. एका लहान गावातल्या शिंपीणबाईंना हे कुतूहल असावं याचं मला इतकं कौतुक वाटलं की बेचाळीस हा आकडा माझ्या कानावरून घरंगळून गेला.

“अहो, पत्ता लावायचं कामच माझं. नाव, गाव, घराणं, सगळं शोधून काढतो.”

“आणि नवऱ्याचं नाव?”

“तेही कदाचित सापडेल.”

“सापडेल?” त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. “आणि आता कशी आहे, काय करते, ते?”

मला वाटलं, बाईंची बोलायची पद्धत असेल. आपण नाही का विचारत, गावाकडची आंब्याची झाडं कशी आहेत म्हणून? मी हसून म्हणालो, “आता चित्र जरा मळलंय. थोडी आंघोळ घातली की बघा कशी दिसते ती. पुढच्या महिन्यात आमच्याकडे प्रदर्शन आहे, युरोपातल्या जुन्या तसबिरींचं. तिथेही लावू. खाली तुमचं नाव.”

“नावाचं राहू दे. पत्ता तेवढा बघा.”

परत जाताना बसमध्ये शैलजा म्हणाली, “दादा, त्या बाईंनी तुला भलतंच काहीतरी विचारलं. तू भलतंच काहीतरी सांगितलंस.” मी मांडीवरची चौकट सांभाळत तिला म्हणालो, तू तुझ्या ब्लाउजांचं बघ.

पुण्याला संग्रहालयाच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती. तिला मी प्रयोगशाळा म्हणायचो, शिपाई मोरी म्हणायचा. तिथे मी चौकट उघडली. मखमलीची पट्टी काढली तर खाली कागदाचा चांगला दोन बोटं रुंद काठ निघाला आणि त्या काठावर बारीक अक्षरांत मजकूर. आमच्या धंद्यातला हा परमानंद. डाव्या कोपऱ्यात मूळ चित्र रंगवणाऱ्याचं नाव असतं, उजव्या कोपऱ्यात तांब्यावर कोरणाऱ्याचं, आणि मध्ये तसबीर कुणाची ते. सगळं होतं. व्हेनिसमधली एका कापड व्यापाऱ्याची बायको. चित्र पंधराशे पन्नासच्या सुमाराचं, कोरून छापलेलं सतराशे बहात्तरमध्ये. चित्रकाराचं नाव इथे देत नाही. त्या आठवड्यात मी ते इतक्या वेळा आणि इतक्या इटालियन उच्चारात घेतलं की आमचे पाटणकरसाहेब शेवटी म्हणाले, “मोहोळकर, त्यांना आता जेवायला तरी घाला.”

पाटणकरसाहेब आमचे प्रमुख. रोमला गेले नव्हते, त्यामुळे मला त्यांची कीव यायची. त्यांनी भिंग घेऊन चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग कपाळावर बोट न टेकवता बोट दाखवून विचारलं, “याचं काय करणार?”

“काढणार.”

“मालकिणीला विचारलंत?”

“साहेब, त्यांना यातलं काय कळतंय?”

पाटणकरसाहेबांनी भिंग खाली ठेवलं. “मग तर विचारायलाच पाहिजे,” एवढं बोलून ते गेले. मी ते बोलणं सरकारी माणसाच्या भित्रेपणाच्या खात्यावर टाकलं आणि अस्तन्या वर केल्या.

कुंकू काढणं सोपं नसतं. सासूबाईंनी ते तेलात कालवून लावलं होतं आणि ते कागदात मुरलं होतं. मी आधी सौम्य आम्लाचं पाणी वापरलं. कुंकू हळदीचंच केलेलं असतं, हे मला माहीत असायला हवं होतं. आमच्या घरी आजी चुन्याची निवळी घालून करायची. आम्ल लागताच लालचं पिवळं झालं. व्हेनिसच्या व्यापाऱ्याच्या बायकोला कपाळभर हळद लागली आणि ती आपल्याकडे न बघता पलीकडे बघत राहिली. मग स्पिरिट, टीपकागद, कापसाचे बोळे. चार दिवस मी त्या कपाळाशी झगडत होतो. पाचव्या दिवशी ते अगदी स्वच्छ, मोकळं झालं. मग मी चित्र पालथं घातलं. मागे पेन्सिलीनं कुणीतरी आकडे खरडले होते. कोर्समध्ये शिकवलेलं होतं, मागची बाजूही तितकीच स्वच्छ हवी. चांगल्या मऊ रबरानं मी तेही पुसून टाकले.

एक गोष्ट मात्र मी शिकल्याप्रमाणे केली. प्रत्येक डाग, प्रत्येक खूण पुसण्याआधी कागदावर उतरवून ठेवायची असते. मी चार पानांचा अहवाल टंकलिखित केला. तो कुणी वाचणार नव्हतं, पण त्याला रुबाब होता.

प्रदर्शनाला आठ दिवस असताना मी कराडला गेलो. चित्र आधी द्वारकाबाईंना दाखवायचं, त्यांच्या डोळ्यांतलं आश्चर्य बघायचं आणि मग पुन्हा पुण्याला न्यायचं, असा बेत. हा बेत निव्वळ कौतुक करून घेण्यासाठी होता, हे आज मान्य करायला हरकत नाही.

दुपारची वेळ होती. मुली जेवायला गेल्या होत्या. द्वारकाबाई एकट्याच एका पोलक्याला काजं करत बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “लागला पत्ता?”

“आधी बघा तर,” म्हणून मी एखाद्या जादूगाराच्या थाटात वरचं कापड बाजूला केलं.

त्यांनी बघितलं. आधी चेहरा जरा उजळला, कारण चित्र खरोखर सुंदर निघालं होतं. मग नजर कपाळावर गेली. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला आणि मध्येच थांबला.

“हिचं कुंकू?”

“काढलं! चार दिवस लागले. बघा, डागसुद्धा नाही.”

“तुम्ही पुसलंत?”

“हो,” मी म्हणालो, अभिमानानं.

त्या खाली बसल्या. खुर्ची बाजूलाच होती, पण त्या सरळ जमिनीवरच बसल्या, कापडाच्या चिंध्यांमध्ये. मला वाटलं, धार्मिक भावना दुखावल्या. त्यासाठीही माझ्याकडे एक वाक्य तयार होतं, पण सुदैवानं ते मी बोललो नाही.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “ही माझी सवत आहे.”

माझ्या चार पानी अहवालात या शक्यतेचा विचार केलेला नव्हता.

“आमचे मालक पलटणीत शिंपी होते. गणपत खटावकर. लढाईच्या वेळी पलटण इटलीला गेली तर हेही गेले. बंदूक नाही हातात, मशिन होतं. साहेबलोकांचे कोट उसवायचे, शिवायचे. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. चव्वेचाळीस साली टपालानं ही आली. पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून. सोबत चिठ्ठी होती. ‘सोबत एका बाईचे चित्र पाठविले आहे. जपून ठेवणे. खुलासा आल्यावर करीन.’” त्यांनी ती तीन वाक्यं पाढा म्हणावा तशी म्हटली. “त्यानंतर काहीच नाही. दोन महिन्यांनी सरकारचा कागद आला, बेपत्ता म्हणून. मेला म्हणून नाही. बेपत्ता.”

“मग?”

“मग काय. लढाई संपली, बाकीचे आले. शेजारच्या गावचा एक जण आला, तो म्हणाला, आपली काही पोरं तिकडंच राहिली, मडमांशी लग्नं केली. झालं, सगळ्यांना पटलं. चित्र होतंच की पुराव्याला. आधी बायकोचा फोटो धाडला आणि मग स्वतः तिच्याकडं राहिला. मी आठ दिवस जेवले नाही. चित्र चुलीत घालायला निघाले होते. सासूबाईंनी हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, ‘गोरी असली तरी सून आहे. माझा पोरगा हिच्यापाशी जिवंत आहे.’ आणि तेलात कुंकू कालवून हिच्या कपाळाला लावलं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. द्वारकाबाईंनी एक चिंधी उचलली आणि तिची घडी घालायला लागल्या.

“भावकी आली होती. बेपत्ता म्हणजे गेलाच, पोरीचं कुंकू पुसा, म्हणत होते. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘दोघींचा नवरा एकच. तिचं आहे तर हिचं का पुसायचं?’ आले तसे गेले. माझं कुंकू राहिलं. क्लास काढला, पोटाला कमी पडलं नाही. सासूबाई एकसष्ट साली गेल्या. मी आणि ही, आम्ही दोघीच राहिलो. रोज बघायची तिच्याकडं. तुला काय कमी होतं गं, म्हणायची, तुझ्याकडं एवढी मोत्यांची माळ, माझा शिंपी कशाला घेतलास? ती मेली कधी माझ्याकडं बघायचीच नाही. तिकडंच बघायची.” त्यांनी मान वर केली. “आता सांगा. कुठं असते? हे आहेत का? आता सत्तरीला आले असतील.”

माझी अवस्था काय सांगू? मी तोंड उघडलं आणि त्यातून पहिल्यांदाच रोम बाहेर पडलं नाही.

“बाई,” मी म्हणालो, “ही… ही वारली.”

“कधी?”

“चारशे वर्षं झाली.”

मी घाईघाईनं काठावरची अक्षरं दाखवली, जी त्या मखमलीच्या पट्टीखाली बेचाळीस वर्षं झाकली गेली होती. हे चित्रकाराचं नाव, हे कोरणाऱ्याचं, हे साल. पलटण तिथे पोहोचण्याआधी पावणेदोनशे वर्षं हा कागद छापला होता. ज्या बाईला बघून तो काढला, ती त्याहीपूर्वी दोनशे वर्षं. असे कागद तिकडे जुन्या बाजारात मिळतात, पडक्या घरांत सापडतात. शिपायांनी उचलून आणलेले किती तरी आहेत. हे बोलताना मी पहिल्यांदाच कुणाला शिकवत नव्हतो. मी गयावया करत होतो.

“म्हणजे ह्यांची आणि हिची गाठच पडली नाही?”

“शक्यच नाही.”

द्वारकाबाई हसल्या. आधी नाकातून, मग तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. त्यांचं ठेंगणं शरीर गदागदा हलत होतं. “अगं बया,” त्या चित्राला म्हणाल्या, “चारशे वर्षांमागं मेलेली तू! आणि मी तुला रोज शिव्या घालते होय गं! उगाच सवत म्हणून नांदवली बिचारीला!” हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यातलं किती हसण्याचं होतं ते मला कळेना. मीही जरा हसून बघितलं. ते जमलं नाही.

मग त्यांनी डोळे पुसले आणि अगदी कामाच्या आवाजात विचारलं, “मग चित्र धाडलं कशाला?”

“ते… सांगता येणार नाही.”

“आणखी काय काय पुसलंत?”

मला वाटलं आता हिशेब सुरू झाला. मी खाली मान घालून अहवाल काढला आणि इंग्रजीतलं मराठीत करत वाचू लागलो. डाव्या कोपऱ्यात धुराचा डाग, काढला. खालच्या काठाला माशीची घाण, काढली. कपाळावर तैलयुक्त लाल रंग… हे मी भराभर वाचलं. “मागील बाजूस पेन्सिलीने लिहिलेले निरर्थक आकडे. काढून टाकले.”

“कसले आकडे?”

“असेच. काही अर्थ नाही. बत्तीस. सव्वीस. साडेतेरा. मग एकोणीस, त्याखाली रेघ. साडेनऊ. सहा.”

“परत वाचा.”

मी परत वाचलं. द्वारकाबाईंनी गळ्यातली टेप काढली होती. मी आकडे वाचत होतो आणि त्या टेपवर बोट सरकवत होत्या.

“बत्तीस छाती,” त्या म्हणाल्या. “सव्वीस कंबर. साडेतेरा खांदा. एकोणीस बाही, मनगटापर्यंत. साडेनऊ दंड. सहा मनगट.” टेप त्यांच्या मांडीवर पडली. “हे माझं माप आहे, साहेब. आता नाही, तेव्हाचं. लग्नातलं पोलकं ह्यांनीच शिवलं होतं, तेव्हा घेतलेलं. खांदा साडेतेरा. म्हणाले होते, तुझ्याएवढी पोर नि खांदा साडेतेरा, कुस्ती खेळत होतीस काय?”

मी चित्र उलटं केलं. मागची बाजू मी फार मन लावून स्वच्छ केली होती. उजेडाकडे तिरकं धरलं तर पेन्सिलीच्या टोकाचे हलके दाब दिसत होते, आकडे नाहीत. द्वारकाबाईंनी तिथे बोट फिरवलं. त्यांची बोटं आयुष्यभर कापडावरच्या खुणा चाचपणारी. मला जे दिसत नव्हतं ते त्यांना लागत असावं.

“बाही,” त्या हळूच म्हणाल्या. “बाहीसाठी धाडलं. माझ्यासाठी शिवायची होती त्यांना.”

त्या क्षणी मी जर रस्त्याकडची उघडी खिडकी पाहून तिच्यातून उडी मारली असती, तर संग्रहालयशास्त्राचं फारसं नुकसान झालं नसतं. एका माणसानं आपल्या बायकोला अख्ख्या आयुष्यात पाठवलेलं एकमेव प्रेमपत्र मी रबरानं पुसलं होतं आणि त्यावर ‘निरर्थक’ असा शेरा मारून खाली सही केली होती.

“मला माफ करा,” मी म्हणालो.

“तुम्ही उघडलं नसतं तर मला दिसलं असतं होय? आलं तेव्हा मागं बघायचं सुचलं नाही, नंतर चौकट करणाऱ्यानं पुठ्ठा ठोकला. आणि पुसण्याआधी लिहून ठेवलंत, ते बरं केलंत.” त्यांनी ते पान माझ्या हातातून घेतलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, आकडे येत होते.

मग त्या पानावरच्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिल्या. मी वाट बघत होतो, पण आता कशाची वाट बघतोय हे मला कळलं होतं. ते त्यांनीच उच्चारावं असं मला वाटत होतं, कारण मला धीर नव्हता.

“म्हणजे परत यायचं होतं त्यांना,” त्या शेवटी म्हणाल्या. “दुसरी कुणी नव्हती. यायचं होतं आणि आले नाहीत.” त्यांनी पानाची घडी घातली. “म्हणजे तेव्हाच गेले. चव्वेचाळीसलाच. आणि मी इतकी वर्षं समजत होते, तिकडं मजेत जेवताहेत.”

मी आयुष्यात अनेक गावी अनेक वस्तूंची माहिती द्यायला गेलो. बेचाळीस वर्षं उशिरा मृत्यूची तार पोहोचवायला गेलो तो एवढाच एकदा, आणि तेही कौतुक करून घ्यायच्या तयारीनं.

त्यांनी चहा केला. मी कसाबसा म्हणालो, कुंकू परत लावून देतो, तसंच, तेलात कालवून. आमच्या शास्त्रात ते पाप आहे, नोकरीही जाईल कदाचित, पण लावून देतो.

“नको,” त्या म्हणाल्या. “परक्याची बायको ती. तिच्या कपाळी आपलं कुंकू कशाला? सासूबाईंना माहीत नव्हतं, आपल्याला कळलंय.”

“मग चित्र प्रदर्शनाला…”

“ते नाही जमायचं. सवत म्हणून बेचाळीस वर्षं ठेवून घेतलं, आता पाहुणी म्हणून राहू दे.” त्यांनी ते परत चौकटीत घालून भिंतीवरच्या जुन्या खिळ्याला लावलं, दोन पावलं मागे सरकल्या आणि डोळे बारीक करून बाहीकडे बघू लागल्या. “ह्या चिरा तिरक्यात कापल्यात. सरळ कापल्या तर उसवतील.”

प्रदर्शनात त्या चित्राची जागा रिकामी राहिली. पाटणकरसाहेबांनी कारण विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यांनी यादीतून ते चित्र खोडलं. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

पण त्या दुपारी निघताना जे झालं ते सांगायचं राहिलं. मी दारात चपला घालत होतो. द्वारकाबाई निरोप द्यायला आल्या होत्या. मी मान वर केली आणि माझी नजर, नको नको म्हणत असताना, त्यांच्या कपाळावर गेली. आमच्यासारख्या शिकलेल्या माणसांच्या डोक्यात नको ते प्रश्न नको त्या वेळी येतात, आणि चेहऱ्यावर दिसतातही. त्यांनी ते ओळखलं.

“काय बघताय? ह्याला नाही हं स्पिरिट लावायचं.”

मी शरमेनं काहीतरी पुटपुटलो.

“पुसणार नाही मी,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं रागानं लावत होते. आता जरा नीट लावीन.”